सदतीस दिवसांचा निवडणूकखर्च

राहीबाई पोटनिवडणुकीत तीनशे अठरा मतांनी पडली, आणि त्या संध्याकाळी तिच्या वाडीत गूळखोबरं वाटलं गेलं. पोलादपूरच्या नाक्यावरून निघालेली, निवडून आलेल्याची मिरवणूक वाडीपर्यंत आली होती. तिच्यातल्या एका फेटेवाल्यानं थांबून विचारलं, "पडलात ना तुम्ही? मग गूळ कसला वाटता?"

ठकूबाई म्हातारीनं त्याच्याही हातावर खडा ठेवला. "खा रे बाबा. तुमची मानसं मोटारीतनं फिरली, आमची पायानं. तरी आमी तीनशेच पावलं मागं."

साठ सालचा माघ सरत आला होता. आधीचे आमदार वारले, जागा रिकामी झाली आणि राहीबाई मोरे अपक्ष उभी राहिली. पन्नाशीची विधवा बाई, खंडीभर भाताची धनीण, दीर महिपती आणि ती मिळून घर चालवीत. सावित्री नदीला मिळणाऱ्या ओढ्यावरचा वाडीचा साकव, लाकडी पायपूल, तीन पावसाळे लागोपाठ वाहून गेला होता. तीन अर्ज गेले, तीन उत्तरं आली, साकव काही आला नाही. तेव्हा ती म्हणाली, "जिथनं उत्तरं येतात तिथंच जाऊन बसते."

निशाणी मिळाली सायकल. वाडीची चढण अशी की सायकल वर न्यायची तर खांद्यावरच घ्यावी लागे. पण बायांनी तिचा प्रचार जात्यावरच्या ओवीत बसवला आणि तो डोंगर चढला:

*हळू ओढ खुंटा बाई, धनी निजले माजघरी,*
*मत त्यांचं त्यांच्यापाशी, माझं बांधलं पदरी.*

ही ओवी कुठल्या पहाटे कुठल्या घरात पहिल्यांदा उठली, कुणाला ठाऊक नाही. आठ दिवसांत ती वरंधपासून पोलादपूरपर्यंत पिठासारखी सांडली होती. धनी खरोखर निजलेले होते, म्हणून तर अंतर तीनशे अठरावर आलं.

निकालानंतर पाचव्या दिवशी सरकारी लखोटा आला. महिपती चौथी शिकलेला. त्यानं वर शिक्का पाहिला, खाली सही पाहिली, मधली पहिली ओळ मोठ्यानं वाचली: "आपण विधानसभेच्या पोटनिवडणुकीत उमेदवार होता." पुढची ओळ लांब होती, ती त्यानं सोडली. एवढा मोठा शिक्का मारून सरकार शिव्या थोड्याच देईल? महाडला बाजाराला गेला तेव्हा त्यानं ते पत्र काचेच्या चौकटीत बसवून आणलं आणि देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं. राहीबाई रोज देवांना हळदकुंकू लावताना एक बोट त्या काचेलाही लावी.

तिथंच ते रघुवीर मास्तरांना दिसलं.

रघुवीर कर्णिक महाडच्या शाळेतून निवृत्त झालेले. राहीबाईचा उमेदवारी अर्ज त्यांनीच भरला होता. निकालाला पंधरा दिवस झाल्यावर ते ख्यालीखुशाली विचारायला वाडीवर आले, गूळपाणी घेतलं, चष्मा पुसला आणि सहज भिंतीकडे पाहिलं. मग उठून अगदी काचेला नाक लावून उभे राहिले.

"महिपतराव, हे काय आहे?"

"मानपत्र," महिपती म्हणाला. "वैनीला सरकारनं दिलान."

"मानपत्र?" मास्तरांनी कुंकवाच्या बोटाखालची ओळ वाचली. "निकालापासून तीस दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब, पावत्यांसह, प्रांत कचेरीत सादर करावा. न केल्यास किंवा खोटा केल्यास तीन वर्षं निवडणुकीस उभं राहता येणार नाही. अहो, यातले पंधरा दिवस गेले आणि तुम्ही कुंकू लावत बसलात!"

बोटावर हिशेब करायला राहीबाईला मास्तर लागत नव्हते. मोठी निवडणूक दोन वर्षांवर होती. तीन वर्षं घरी बसायचं म्हणजे ती गेली. मग पुढची पाच वर्षं. तोवर साकवाच्या उरल्यासुरल्या वाशांचं सरपणसुद्धा जळून गेलेलं असणार.

"काडा ती चौकट खाली," ती म्हणाली. "आनि मास्तर, सांगा काय लिवायचं."

लिहायला फार नव्हतं. छापील पत्रकं, महाडच्या छापखान्याची पावती, बेचाळीस रुपये. ती महिपतीनं जपून ठेवली होती, कारण तिच्यावरही शिक्का होता. "बाकीचं?" मास्तरांनी विचारलं. "माणसं फिरली, जेवली, गाडी लागली..."

"ती सावड."

सावड मास्तरांना ऐकून ठाऊक होती. आज तू माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या शेतावर. दिवसाला दिवस. लावणी असो, घर शाकारणं असो, डोंगरातून राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, ऐनाच्या झाडाचं कवळ, पाल्याच्या फांद्या, तोडून आणणं असो, पैसा मधे येत नाही. कागद तर नाहीच. कुणाचा दिवस कुणाकडे अडकला हे ठकूबाईच्या डोक्यात असे, आणि ठकूबाईचं डोकं तिच्या दातांपेक्षा मजबूत होतं. तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले आणि घराघरानं मोजलं. राहीबाईसाठी लोकांनी चालण्यात, गाण्यात घातलेले चौतीस दिवस निघाले.

"म्हणजे फुकट मदत," मास्तर म्हणाले. "सोपं आहे. प्रत्येकाकडून लिहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी भैरोबाच्या देवळापुढे सगळे जमले. मास्तरांनी सुंदर वळणदार अक्षरात मसुदा केला होता. तो त्यांनी वाचून दाखवला: "सदर मदत मी राजीखुशीने, विनामोबदला केली असून तिच्या परतफेडीची माझी कोणतीही अपेक्षा नाही."

मग ठकूबाई बोलली.

"मला हाय."

"काय आहे?"

"अपेक्षा. दोन दीस चालली मी तिच्यासंगं. ह्या गुडघ्यावर. अंगठा दिला तर माजे दोन दीस बुडाले का नाय?"

"अहो आजी, हे फक्त सरकारसाठी."

"सरकार माझं कवळ तोडायला येनार हाय?"

मागून हैबती म्हणाला, "आनि मास्तर, इनामोबदला म्हंजे दान ना? राहीवैनीला आमी दान दिला असं लिवायचं? तिच्या घरात भात संपला काय?"

राहीबाईचा चेहरा लाल झाला होता. "मला कुनाचं फुकट नको. मी भीक मागून उभी नाय राहिली."

"मग मजुरी दिली असं लिहू," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "रोज दीड रुपया."

यावर तर गलकाच झाला. शेजाऱ्याकडून मजुरी घेतली असं कागदावर आलं तर उद्या कोण कुणाच्या लावणीला जाईल? आणि घेतलीच नाही तर घेतली कसं लिहायचं? ठकूबाईनं मास्तरांना जवळ बोलावलं आणि लहान पोराला समजवावं तसं सांगितलं, "बाबा, आमचं काम फुकट बी नाय आनि इकत बी नाय. तुज्या कागदात तिसरी जागा नाय काय?"

मास्तरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. नव्हती.

तेव्हा राहीबाई उठली. "मास्तर, दीस फेडले तर? समद्यांचे समदे दीस तुमच्या तारखेच्या आत फेडले, तर लिवता येईल ना, घेतलं आनि फेडलं?"

"येईल. पण दोन आठवड्यांत चौतीस दिवस? तुम्ही घरात दोघं."

"शिमगा आला की," राहीबाई म्हणाली, आणि निकालानंतर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत ते जुनं चांदणं हललं.

शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात. राहीबाईचा मुलगा भिकू परळच्या गिरणीत होता. मतदानाला त्याला रजा मिळाली नव्हती, शिमग्याला मात्र न मागता मिळाली. तो आणि त्याचे चार चुलतभाऊ मोटारीतून उतरले तेव्हा अंगात नायलॉनचे बुशशर्ट, केसांना वास, ओठांवर सिनेमाची शीळ. ओट्यावर पाच कोयते धार लावून ओळीनं ठेवलेले होते.

"आये, ये क्या है?"

"खर्चाचा हिशेब," राहीबाई म्हणाली. "मत द्यायला आला नायस ना? आता कवळ तोड."

"छुट्टीवर आलोय गो मी! पालखी नाचवायची हाय!"

"पालखी रातीला नाचते. ऐन दिवसा उभा असतो."

झालं. सहा दिवस ती पाच पोरं डोंगरात होती. नायलॉन काट्यांनी उसवलं, केसांतला वास ऐनाच्या चिकानं खाल्ला. निवडणुकीच्या धांदलीत सगळ्या वाडीचंच कवळ मागं राहिलं होतं, त्यामुळे कोयत्यांना रोज नवा डोंगर मिळत होता. राहीबाई आणि महिपतीही त्यांच्यासोबत फांद्या ओढत होते. ज्याचं काम होई तो संध्याकाळी मास्तरांपुढे बसून अंगठा उठवी: घेतलं आणि फेडलं. ठकूबाईनं आपला भारा स्वतः मोजला, दोन फांद्या कमी आहेत म्हणून भिकूला परत पाठवलं आणि मगच अंगठा दिला.

सहाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मास्तर कागद बांधायला लागले, तर राहीबाई म्हणाली, "एक ऱ्हायलं. गाडी."

"कुणाची?"

"मालोजीच्या घरची."

मास्तरांच्या हातून दोरा सुटला. मालोजी शेलार म्हणजे वाडीतला विरुद्ध पक्षाचा एकुलता एक, पण चारजणांएवढा आवाज असलेला कार्यकर्ता. निकालाच्या दिवशी त्यानं राहीबाईच्या दारात मुद्दाम दोन फटाके जास्त लावले होते.

घडलं होतं ते असं. पोलादपूरच्या बाजारादिवशी मालोजी महाडला सभेला गेला होता. त्याची बायको आवडी, हिनं मागच्या मागे गाडी जुंपून दिली आणि सायकलीची पत्रकं आणि गाणाऱ्या बारा बाया तिच्यातून पोलादपूर फिरून आल्या. मालोजीला आजतागायत पत्ता नव्हता.

"ते राहू द्या," मास्तर हळूच म्हणाले. "कोण विचारणार आहे?"

"खोटं लिवायचं तर मग सही कशाला करायची? त्यांनी काय लिवलं असंल तो त्यांचा देव. मी गाडीत बसली, मंजे बसली."

आवडीला निरोप गेला. ती घागर घेऊन आली आणि घागरीसकट बसली. मास्तरांनी विचारलं, "बाई, गाडी कुणाच्या मालकीची?"

"कुनाच्या म्हंजे? माझ्या बापानं मला दिलेली. बैल बी म्हायेरचं. ह्यांचा फकस्त चाबूक."

"मग अंगठा तुमचाच चालेल. पण फेड?"

गाडीबैलाच्या एका दिवसाला तीन माणसांचा दिवस, हा वाडीचा हिशेब. मालोजीचं कवळ तर सगळ्यांत मागं होतं, कारण तो सगळ्यांत जास्त ओरडला होता. दुसऱ्या सकाळी राहीबाईनं भिकूला आणि दोघांना तिकडे धाडलं. निघताना भिकूनं विचारलं, "मालोजीकाकानं इचारलं कशापायी आलात, तर?"

"इचारलंन तर खरं सांगायचं. नाय इचारलंन तर कामाला लागायचं."

मालोजीनं विचारलं नाही. दारात तीन कोयते उभे पाहिले आणि त्याचं त्यालाच कळलं. पक्ष निवडून आला होता, वारं फिरलं होतं, राहीबाईचं रक्तसुद्धा आता त्याच्या बाजूला वाहायला लागलं होतं. "शाणी पोरं!" तो म्हणाला. "मुंबईचं पानी प्यालेली. कळतं कुनीकडं ऱ्हायचं ते." दुपारी त्यानं खुशीत कोंबडी कापली. पोरं खाली मान घालून जेवली. भिकूचे खांदे हलत होते, ते मालोजीला कष्टानं हलतायत असं वाटलं. आत चुलीपुढे आवडी बारीक सुरात गुणगुणत होती:

*तीन कोयते गं आले, माझ्या ऐनाच्या डोंगरी,*
*फेड न कळे धन्याला, वाढी कोंबडी-भाकरी.*

"काय गातेस गो?" मालोजीनं बाहेरून विचारलं.

"देवाचं," आवडी म्हणाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मास्तरांनी हिशेब प्रांत कचेरीत दिला. तिथले कारकून बारीक नजरेचे आणि सरळ माणूस. एकतिसाव्या दिवशी त्यांनी राहीबाईला बोलावणं धाडलं: एक खुलासा हवा आहे. ती आणि मास्तर महाडला पोचले, तर कचेरीच्या बाकावर मालोजी बसलेला.

त्याला महाडच्या पक्षाच्या माणसांनी पाठवलं होतं. एक रुपया भरला की कुणाही उमेदवाराचा हिशेब पाहता येतो. त्यात एक गोष्ट खोटी दाखवून दे, म्हणजे बाई तीन वर्षं गेली आणि मोठ्या निवडणुकीत त्रास नाही. मालोजीनं रुपया स्वतःच्या कनवटीचा भरला होता. राहीबाईला पाहून त्यानं मिशीला हात लावला. "ये वैनी, बस. तुजीच पोथी वाचायला आलोय."

कारकुनांनी आधी राहीबाईला विचारलं. "बाई, सदतीस दिवस कवळतोड असं लिहिलंय. रुपयांत किती?"

"रोजाचा भाव दीड रुपया आहे," मास्तर म्हणाले. "पंचावन्न रुपये पन्नास नवे पैसे होतात."

"आणि छपाई बेचाळीस. म्हणजे साडेसत्त्याण्णव रुपयांत विधानसभा." कारकुनांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, रक्कम लिहिली आणि कागद मालोजीपुढे सरकवले. "बघा तुम्ही."

मालोजी बोट ठेवून वाचू लागला. ठकूबाई, दोन दिवस, घेतलं आणि फेडलं. हैबती, तीन दिवस, घेतलं आणि फेडलं. वाचताना तो हसत होता. मग बोट थांबलं.

*बैलगाडी, एक दिवस, पोलादपूर बाजार. आवडी मालोजी शेलार. फेड: कवळतोड, तीन माणसे.* आणि खाली अंगठा. डाव्या बाजूला विळ्याच्या जुन्या जखमेची पांढरी रेघ. तो अंगठा वीस वर्षं त्याला भाकरी वाढत होता.

आता मालोजीनं एवढंच म्हणायचं होतं की गाडी माझी, बायकोला अधिकार नाही, पोरं माझ्याकडे पक्षाच्या प्रेमानं आली होती. की हिशेब खोटा ठरला, आणि राहीबाईची तीन वर्षं गेली.

पण हे म्हणायचं तर महाडच्या मंडळींपुढे हेही म्हणावं लागणार होतं की भर प्रचारात माझ्या गाडीतून सायकल फिरली. शिवाय कवळ तर खरंच तुटलं होतं. तीन भारे, सरळ रचलेले, रोज सकाळी तो स्वतः त्यांच्याकडे कौतुकानं पाहत होता.

"काही हरकत?" कारकुनांनी लेखणी उचलली. "गाडी कोणाची याबद्दल काही म्हणणं?"

मालोजीनं राहीबाईकडे पाहिलं. तिनं ना विनवलं, ना नजर चुकवली.

"गाडी..." त्यानं अंगठ्यावरचं बोट उचललं. "गाडी तिचीच हाय. तिच्या बापानं दिलेली."

"आणि फेड झाली?"

"झाली." मग न राहवून, "जास्तच झाली!"

"म्हणजे हरकत नाही. इथं सही करा."

त्यानं सही केली. एवढ्या जोरात केली की टाक कागदातून आरपार गेला. कारकुनांनी शिक्का उचलला, फुंकर घातली आणि हिशेबावर मारला: मुदतीत आणि रीतसर.

बाहेर उन्हात आल्यावर मालोजीला वाचा फुटली. "वैनी, तीन पोरांनी सबंध कोंबडी खाल्ली!"

"कामावरच्या मानसाला मालकानं जेवायला घालायचं असतं, भावजी. सावडीची रीत हाय."

"पिठलं घालायचं असतं! पिठलं! कोंबडी नाय घालायची असती!"

मास्तर रुमालात तोंड लपवून पुढे निघून गेले. एस.टी. उभी होती. मालोजी पायरीवर चढला, कनवटीला हात लावला आणि तसाच उभा राहिला. जो एक रुपया होता तो कचेरीत गेला होता. वाहक खेकसला, "अहो पाव्हणं, चढा नाहीतर उतरा!"

"दोन पोलादपूर," मागून राहीबाई म्हणाली.

बिरवाडीचा फाटा मागं पडला. खिडकीबाहेर ज्याच्या त्याच्या वावरात राब पेटले होते, निळा धूर बांधाबांधानं चालला होता. मालोजी त्या धुराकडे पाहत, ओठ न हलवता म्हणाला, "हे तिकीट मातर कुठं लिवू नको."

"लिवनार," राहीबाई म्हणाली. "पुढल्या इलेक्शनच्या खर्चात. पयलीच ओळ."